दीड तासाचा हिशेब

मुंबईत सकाळी दहाला इंटरव्ह्यू आणि तुम्ही नागपूरला. मोबाइल सांगतो, विमानाने जेमतेम दीड तास! पण मित्रांनो, तिकीट काढण्याआधी जरा हिशेब करा.

दोन शहरांमधलं सरळ हवाई अंतर सुमारे ६८५ किमी, रेल्वेने ते ८३७ किमी. ताशी ८०० किमीने उडणाऱ्या विमानाला तासही पुरेल. उरलेला वेळ जातो धावपट्टीपर्यंत सरकण्यात, चढण्या-उतरण्यात आणि मुंबईच्या आकाशात नंबर लागेपर्यंत. हे सगळं त्या दीड तासात धरलेलं असतं. पण चेक-इनसाठी किमान तासभर आधी पोहोचणं, बॅगेची वाट पाहणं आणि नंतरचं ट्रॅफिक? ते तुमच्या खात्यावर. घरातून निघाल्यापासून ऑफिसच्या दारापर्यंत पाच तास सहज जातात.

म्हणून वेळ दारापासून दारापर्यंत मोजा. आदल्या संध्याकाळची रेल्वे खिशाला परवडते आणि झोपेतच मुंबई गाठून देते. फक्त ती लेट होईल हे धरून चाला. आणि हो, पहिली फेरी ऑनलाइन होईल का, हे कंपनीला बिनधास्त विचारा. विचारण्यात कमीपणा कसला? भाडं तर तुम्हीच भरणार आहात ना!