खंडेनवमीच्या पाटावरील सुई

आश्विन शुद्ध नवमीस, म्हणजे खंडेनवमीस, आयुधांचे पूजन करण्याचा प्रघात आपल्या महाराष्ट्रात सर्वदूर आहे. ज्या घराण्यात वडिलोपार्जित तलवार आहे ते ती म्यानातून काढून पाटावर ठेवतात. शेतकरी आपली अवजारे धुऊन पुसून मांडतो, सुतार करवत आणि रंधा, वैदिक ब्राह्मण पोथ्या आणि व्यापारी तराजू. परंतु आमच्यासारख्या क्षेत्राच्या गावी गल्लीबोळांतून त्या दिवशी सहज फेरफटका मारला असता आणखी एक आयुध घरोघरी झेंडूच्या माळेने सजलेले दिसते. खिडकीशी उजेडात ठेवलेले पायाचे शिवणयंत्र, त्याच्या फळीवर हळदकुंकवाची बोटे, शेजारी कात्री, गज, आणि दोऱ्याच्या रिळात खोचलेली सुई. तलवार ज्या घरात आहे तिथे ती गेल्या कित्येक पिढ्यांत म्यानाबाहेर पडलेली नाही. हे दुसरे आयुध मात्र अष्टमीच्या रात्री बारापर्यंत चालू होते आणि दशमीस सीमोल्लंघन आटोपताच पुन्हा चालू होईल. त्यावर घर चालते.

या आयुधाविषयी आणि ते चालविणाऱ्या भगिनींविषयी या सणाच्या निमित्ताने दोन शब्द लिहावेत, असे आमच्या मनात बरेच दिवस होते.

आपल्या परंपरेत शिवणकर्मास गौण मानले आहे, असा एक समज सुशिक्षितांतही आढळतो. सोवळ्यात शिवलेले वस्त्र चालत नाही, पूजेस बसताना धोतर-उपरणेच हवे, या आचारावरून तो झाला असावा. पण गंमत अशी की, अंगावर एक टाका नसलेली वस्त्रे नेसून आपण ज्याच्यापुढे उभे राहतो, त्या पांडुरंगाच्या पोशाखात मात्र अंगी असते, आणि अंगी म्हटली की ती बेतलेली आणि शिवलेली आलीच. रुक्मिणीमातेस चोळी असते. भक्ताने अस्यूत वस्त्र नेसावे आणि देवाने शिवलेले ल्यावे, या व्यवस्थेत शिवणकामाचा अपमान कोठे आहे, ते आम्हास तरी दिसत नाही.

शब्दांकडे पाहावे. 'सूत्र' हा शब्द उणादिसूत्रांनुसार 'सिव्' म्हणजे शिवणे या धातूपासून सिद्ध होतो. पाणिनीची सूत्रे, बादरायणांची ब्रह्मसूत्रे, नारदांची भक्तिसूत्रे या सर्व थोर ग्रंथांच्या नावात शिवणाऱ्याचा दोरा ओवलेला आहे. शिंप्याला अमरसिंहाने 'तुन्नवाय' आणि 'सौचिक' असे दोन शब्द दिले आहेत. त्याच अमरकोशात 'स्यूत', म्हणजे शिवलेला, हा शब्द पिशवी या अर्थाने येतो. शिवलेली वस्तू म्हटली की प्रथम पिशवी डोळ्यांपुढे यावी, इतकी ती घरगुती होती. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा घरोघरच्या यंत्रांवर कापडी पिशव्या शिवल्या जाऊ लागल्या. त्या भगिनींना ठाऊक नसेल, पण कोशकारांचा जुना अर्थच त्या पुन्हा व्यवहारात आणीत होत्या.

याहून जुनी साक्ष ऋग्वेदाची आहे. दुसऱ्या मंडलात गृत्समद ऋषींच्या सूक्तात राका या देवतेचे आवाहन आहे. राका म्हणजे पौर्णिमेची अधिष्ठात्री. ऋषीने तिला पाहिले ते हाती खड्ग घेतलेली म्हणून नव्हे, तर कधी न तुटणारी सुई घेऊन शिवीत असलेली म्हणून, आणि तिच्याकडे मागितले ते उदार व पराक्रमी अपत्य. हीच राकेची ऋचा आश्वलायन गृह्यसूत्राने सीमंतोन्नयन संस्कारात गर्भिणीसाठी योजिली आहे. पोटातल्या जिवाची घडण ही एक अखंड शिवणच आहे, असा भाव त्यामागे असावा, असे आम्हास वाटते. आज सीमंतोन्नयन यथाविधी करणारी घरे थोडी. परंतु सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, आणि पुढे आजी किंवा मावशी मऊ धुवट कापडाची झबली, टोपडी, कुंची, दुपटी शिवून बाळंतविडा तयार करतेच. मंत्र विसरला, पण सुई राहिली. आज खंडेनवमी. सहाव्या दिवशी कोजागरी पौर्णिमा, म्हणजे राकेचीच रात्र आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. असा बाळंतविडा, देवीची शिवलेली नऊवारी, जपाची गोमुखी, पोथीचे बासन, दारावरचे कापडी तोरण, गोधड्या, रुखवतातील वस्तू, हे सारे पूर्वी ज्या घरात लागे त्याच घरात शिवले जाई. आता ते पुष्कळ ठिकाणी विकत घेतले जाते. यात वाईट काही नाही. एका घरातील भगिनीची विद्या दहा घरांच्या उपयोगी पडते आणि तिच्या चुलीस आधार होतो. पुण्यात रमाबाई रानडे यांनी १९०९ साली सेवासदनाचे काम उभे केले, त्यामागे स्त्रीच्या हातास काही विद्या असावी, ती कोणाची मिंधी राहू नये, हाच हेतू होता. वाईट आहे ते दुसरेच. वस्तू विकत घेऊ लागलेल्या घरांतून शिवणे थांबले, आणि शिवणे थांबले त्याबरोबर त्या श्रमाची किंमतही विस्मरणात गेली.

एक साधा हिशेब मांडू. समजा, उभ्या गौरीसाठी निऱ्या घालून, काठ जुळवून तयार नऊवारी शिवायची आहे. कापड, अस्तर, जर आणि दोरा मिळून साडेचारशे रुपये झाले. बेतणे, शिवणे, हाताने हेम घालणे यात सहा तास गेले. भगिनीने सातशे रुपये सांगितले, तर तिच्या हाती अडीचशे, म्हणजे ताशी चाळीस-बेचाळीस रुपये पडतील. आता गिऱ्हाईक म्हणते, "पाचशेला द्या, देवीचे काम आहे." दिले. उरले पन्नास, म्हणजे ताशी आठ रुपये. त्यात विजेचे बिल, मोडलेल्या सुया आणि डोळ्यांचा चष्मा. हेच गिऱ्हाईक दारातील मंडपाच्या रोषणाईचे पैसे न बोलता मोजते. दुकानदारासाठी नगावर शिवणाऱ्या भगिनीस तर तोंडाने भाव सांगण्याचीही सोय नसते. दुकानात ती वस्तू काय भावाने विकली गेली हे तिला पुष्कळदा कळतसुद्धा नाही.

"देवाच्या कामाचे मोल कसले घ्यायचे?" हा प्रश्न मोठ्या भाविकपणे विचारला जातो. विचारणाऱ्याने फुलवाल्यास, पेढेवाल्यास आणि मूर्तिकारास तो विचारलेला नसतो. आम्हा हरिदासांसही कोणी विचारीत नाही. कीर्तन ही देवाची सेवा खरी, पण यजमान बिदागी देतात आणि आम्ही ती मस्तकी लावून घेतो. मग फक्त सुईवाल्या बाईनेच सेवा फुकट का करावी? ती घरात बसून करते म्हणून? घरात केलेले काम म्हणजे काम नव्हेच, हा समज फार खोल रुजलेला आहे. अहमदाबादेत इला भट्ट यांनी १९७२ साली 'सेवा' ही संघटना स्थापन केली, तिच्या आरंभीच्या झगड्यांत गिरण्यांच्या चिंध्या जोडून रजयांच्या खोळी शिवणाऱ्या घरबसल्या कामकरणीही होत्या. त्यांना मजुरी वाढवून मागण्याआधी, आपण मजूर आहोत हेच सिद्ध करावे लागले.

नामदेवरायांच्या चरित्रातील एक कथा येथे आठवते. महिपतींनी १७६२ साली रचलेल्या भक्तिविजयात ती आहे आणि आम्ही कीर्तनकार ती रंगवून सांगतो. दामाशेटी शिंप्याने मुलास कापड विकावयास बाजारात पाठविले. नामदेव भजनात दंग. त्यांनी कापड दगडांस उधार देऊन टाकले आणि धोंडोबास जामीन ठेवले. श्रोते येथे हसतात, आणि पुढे धोंड्याचे सोने झाले की माना डोलावतात. परंतु कथेतील दामाशेटीकडे कोणाचे लक्ष जात नाही. त्याने पैशाचा हिशेब मागितला होता. संताचा तो बाप, घर विठ्ठलभक्तांचे, तरी कापडाचे मोल आले पाहिजे, हे त्याला कळत होते, कारण घरात खाणारी तोंडे होती. महिपतींनी त्यास कोठेही अधर्मी ठरविलेले नाही. आज दिवाळीची शिवणकामे नेऊन 'पुढच्या महिन्यात देतो' म्हणणारी गिऱ्हाइके आहेत. त्या भगिनींचीही उधारी धोंड्यांकडेच अडकली आहे म्हणायची, फक्त या धोंड्यांचे सोने होत नाही.

आणि नामदेवांनी धंदा टाकून भक्ती केली असेही नव्हे. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची एकसष्ट पदे आहेत. त्यांतील आसा रागातील एका पदात मनाचा गज होतो, जिभेची कात्री होते, सोन्याची सुई आणि रुप्याचा धागा येतो. ज्याने आयुष्यात कापड बेतले नाही त्याला ही रूपके सुचावयाची नाहीत. ज्या पायरीवर आपण मस्तक ठेवून महाद्वारातून आत जातो, ती पायरी एका शिंप्याची आहे.

विकण्यासाठी शिवलेल्या वस्तूत भाव नसतो, तो स्वतःसाठी शिवलेल्यातच असतो, असे दुसरे एक मत आहे. त्यात थोडे तथ्य आहे, नाही असे नाही. आजीच्या लुगड्यांची गोधडी विकत मिळत नाही. थरावर थर घालून, कडेने धावदोरा सुरू करून आत आत जात मध्याशी पोहोचणारी ती शिवण एका घराचा इतिहास असते. हे कोणाचे बारशाचे पातळ, ती कोणाची शालूची किनार. संस्कृतात गोधडीस 'कन्था' म्हणतात आणि आचार्यांच्या चर्पटपंजरीत रस्त्यावरील चिंध्यांची कन्था पांघरलेला विरक्त येतो. विरक्तास ती शोभते, बाळासही शोभते. दोघांनाही मालमत्ता नसते. असो. परंतु या एका गोधडीवरून बाकी सारे विकाऊ म्हणून हिणवणे बरोबर नाही. टाका सरळ पडावा, शिवण उसवू नये, आतली बाजूही बाहेरच्या इतकीच स्वच्छ असावी, ही काळजी ज्या हाताने घेतली तेथे भाव आहेच.

शिवणाऱ्या भगिनींनाही एक सांगणे आहे. पॉलिस्टरचे कापड रेशमी म्हणून देवीस लावू नये. काठ शिवायचा तो चिकटवून देऊ नये. पहिल्याच पाण्यात तो सुटतो आणि गिऱ्हाईकही. भाव ठरवताना आपले तास लिहून ठेवावेत आणि विचारले तर हिशेब दाखवावा.

नवरात्रात ओटीच्या खणाविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. खण हे मापाचे नाव आहे. एका चोळीपुरते कापड म्हणजे खण. तो देवीच्या किंवा सवाशिणीच्या ओटीत घालायचा, तो तिने शिवून अंगात घालावा म्हणून. आज बाजारात 'ओटीचा खण' म्हणून जो विकला जातो त्यात पुष्कळदा लहान मुलीचीही चोळी निघत नाही. झिरझिरीत, चकचकीत, घडी उलगडली की विरळ. तो या घरातून त्या घरात, त्या घरातून पुढच्या घरात फिरत राहतो आणि कोणीच तो शिवीत नाही. जी वस्तू आपण स्वतः वापरणार नाही ती जगदंबेस अर्पण करावयाची, हे कोणत्या शास्त्रात बसते? आमच्या मते दहा जणींच्या ओटीत असे दहा तुकडे घालण्यापेक्षा एकीच्या ओटीत पूर्ण मापाचा सुती वा रेशमी खण घालावा आणि बरोबर शिलाईचे पैसेही द्यावेत. अलीकडे काही भगिनी खणाच्या कापडाच्या पिशव्या, बटवे, आकाशकंदील शिवून विकतात, ते आम्हास आवडते. निदान त्या कापडास कात्री लागते आणि ते उपयोगी पडते.

प्रत्येक घरात मुलीने, आणि मुलानेही, वर्षातून एक वस्तू आपल्या हाताने शिवावी, असे आम्ही कीर्तनातून सांगतो. देवघरातले आसन असो वा आजोबांची गोमुखी. गोमुखीचे कोपरे वळवताना बोटास सुई टोचली की दुकानातील गोमुखीचा भाव महाग वाटत नाही.

पुढील वर्षाच्या गौरींची वस्त्रे ज्यांना शिवून घ्यावयाची आहेत, त्यांनी श्रावण लागण्यापूर्वीच सांगावे. भाद्रपदातील धावपळीत शिवणारीस रात्री जागाव्या लागतात आणि काम बिघडते. निम्मी रक्कम आगाऊ द्यावी, म्हणजे कापडासाठी तिला कोणापुढे हात पसरावा लागणार नाही. मुखवट्यासह उंची, खांद्यांची रुंदी आणि कमरेचा घेर दोरीने मोजून कागदावर लिहून न्यावा; 'साधारण एवढी' असे हाताने दाखवू नये, निऱ्यांचा सारा तोल त्या मापावर असतो.