रंगरंगोटीआधी वारसांची नावे पाहा

तुर्भ्याच्या सिडको वसाहतीतल्या आतल्या गल्ल्या शांत आहेत. मार्केटच्या ट्रकांचा गोंगाट तिथवर कमी पोहोचतो. अशा गल्लीत ‘दुरुस्त केलेले घर विकणे आहे’ अशी पाटी दिसली की आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांचे मन ओढ घेते. नवी फरशी, नवे नळ, भिंतींना ताजा रंग पाहून बयाणा देण्याची घाई होते.

आम्ही कापडवाले. खळ दिलेले कापड हाताला भरीव लागते. एकदा धुतले की खरा पोत दिसतो. घराची दुरुस्ती ही पुष्कळदा अशी खळच असते. घराचा पोत कागदात पाहावा.

सिडकोची स्थापना 1970 सालची. तिने घरे आणि भूखंड मुळात 60 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. तेव्हा आधीचे प्रत्येक हस्तांतरण सिडकोच्या दप्तरी नोंदले आहे काय, वाढवलेल्या खोलीला महापालिकेची परवानगी आहे काय, हे आधी विचारावे. घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे. नुसत्या मुखत्यारपत्रावर घराची मालकी मिळत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2011 साली स्पष्ट केले आहे.

त्याहून मोठा प्रश्न वारसांचा. वडिलांचे निधन होते, थोरला मुलगा घर नवे करतो आणि विकायला काढतो. सोसायटीत तो नॉमिनी असतो, म्हणून स्वतःला मालक समजतो. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. समजा, मागे पत्नी, एक मुलगा व दोन मुली आहेत आणि मयताचे आईवडील हयात नाहीत. कर्ज व वसियत वजा जाता शरियतप्रमाणे सोळा आण्यांत पत्नीचे दोन आणे, मुलाचे सात, प्रत्येक मुलीचे साडेतीन. म्हणजे मुलाच्या एकट्याच्या सहीने नऊ आण्यांचा सौदा होतच नाही. बहिणीला ईदीचा जोडा देऊन हक्कसोडपत्रावर सही घेणे हा व्यवहार नव्हे, तिच्या हिश्श्याची लूट आहे. ती उद्या कोर्टात गेली तर घेणाऱ्याची जन्माची कमाई अडकते.

जपानात 2023 च्या सरकारी पाहणीत सुमारे 90 लाख घरे रिकामी आढळली. तिथला जाणता गिऱ्हाईक नव्या रंगाला भुलत नाही. बांधकामाची परवानगी जून 1981 च्या आधीची की नंतरची, हे तो विचारतो, कारण तेव्हा भूकंपाचे नियम कडक झाले. वारसांनी नावे न लावल्याने अनेक जमिनींचे मालक सापडेनात. म्हणून 1 एप्रिल 2024 पासून तिथे वारसा कळल्यापासून तीन वर्षांत नोंद सक्तीची झाली. कसूर केल्यास एक लाख येनपर्यंत दंड आहे.

आमच्याकडे अशा सक्तीची वाट पाहू नये. विकणाऱ्याने गवंडी बोलावण्याआधी वकील गाठावा, सर्व वारसांची नावे लावावीत आणि किमतीतून प्रत्येकाचा हिस्सा चुकता करावा. घेणाऱ्याने सर्व वारसांच्या सह्यांचे नोंदणीकृत खरेदीखत असेल तरच पैसे मोजावेत. फरशी मागाहूनही बदलता येते.