विठोबाला गिटारचं वावडं नाही

मुंबईचा ‘अभंग रिपोस्ट’ हा तरुणांचा बँड तुकोबा-ज्ञानोबांचे अभंग गिटार, बेस आणि कीबोर्डच्या साथीने गातो. ते ऐकून एका जाणकारांचं डोकं फिरलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : अभंग टाळ-मृदंगावरच शोभतो, गिटारने तो बाटतो, तिकीट लावून विठ्ठलाचं नाव घेणं हा बाजार आहे, आणि या पोरांना मूळ अभंगाची चाड नाही.

तिकिटाचं सोडा. नाट्यगृहांतली संतवाणीही तिकीट लावूनच रंगत आली. वाद्यांखाली शब्द दबतात, ही तक्रार एखाद्या ध्वनिमुद्रणाबाबत खरी असेलही. पण तो मिक्सिंगचा दोष, भक्तीचा नव्हे.

मला चीड येते ती त्या ‘मूळ’ची. मूळ म्हणजे कधीचं? जिच्यावाचून आज भजन उभं राहत नाही ती पेटी एकोणिसाव्या शतकात युरोपातून आली. मींड निघत नाही, स्वर ठरलेल्या जागी अडकलेले, म्हणून १९४० साली आकाशवाणीने तिला दारं बंद केली आणि १९७१पर्यंत ती उघडली नाहीत. तेव्हाही जाणकारच बोलत होते. गावोगावच्या बुवांनी त्यांचं ऐकलं नाही, भाते हलवत राहिले, आणि आज तीच पेटी ‘परंपरा’ झाली आहे! १९३६च्या प्रभातच्या ‘संत तुकाराम’साठी शांताराम आठवल्यांनी एक अभंग रचला. तो लोकांना इतका आपला वाटला की तुकोबांचाच म्हणून गायला गेला. श्रीनिवास खळे यांच्या चालींवर लताबाईंनी ‘अभंग तुकयाचे’ गायले, त्यामागचा वाद्यमेळ कोणत्या दिंडीत चालत होता? कोकणातल्या डबलबारीत बुवा सिनेमाच्या चालीवर गजर बांधतो आणि माणसं पहाटेपर्यंत हलत नाहीत. आमच्याकडे भजनात ऑक्टोपॅड आला तेव्हा याच शब्दांत भांडण झालं होतं. भांडणारे आता त्याच्याच तालावर टाळ्या वाजवतात. दर पिढीने आपल्या लहानपणी ऐकलेलं ते मूळ मानायचं आणि पुढच्यांना पाखंडी ठरवायचं, याला अभ्यास म्हणत नाहीत.

आणि पावित्र्य शिकवायचं तर आधी खोपोलीजवळ साजगाव-ताकईला या. कार्तिकीला इथे यात्रा भरते, आणि सुक्या मासळीच्या बाजारामुळे देवाचं नावच पडलंय बोंबल्या विठोबा. तुकोबा व्यापारासाठी घाट उतरून इथे येत, असं इथली माणसं सांगतात. बोंबील, वाकट्या, सोडे यांचे ढीग मांडून बसलेली बाई भाव सांगता सांगता मंदिरातल्या गजरावर मान डोलावते. पलीकडे घोंगड्यांची घासाघीस चाललेली, वर आकाशपाळण्याचा कर्णा. माळकरी त्यातूनच वाट काढत दर्शनाला जातो. बोंबलाच्या वासाने ज्याचं देवपण गेलं नाही त्याला गिटारच्या सहा तारांनी काय होणार आहे?

आता माझी बाजू. अभंगाची घडणच या पोरांना साथ देते. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा अक्षरांचे तीन चरण आणि शेवटी चारांचा आखूड चरण येतो. तो आखूड चरण श्वासाला जागा ठेवतो. नेमक्या तिथे बेसचा स्वर खाली उतरला की पुढची ओळ ऐकायला कान टवकारतात. आठ मात्रांचा भजनी ठेका आणि रॉकचा चार-चारांचा ठोका यांची गाठ ओढूनताणून बांधावी लागत नाही. आणि कॉलेजातलं पोर गाथेतली ओळ तोंडपाठ म्हणतं, हे मला फार मोलाचं वाटतं. ते पुढे गाथा उघडेल की नाही, याची हमी मी देत नाही. ओळ तर त्याच्या ओठांवर आली.

टीका जरूर करा. चाल अर्थाच्या आड कुठे आली, कोणता चरण घाईत गिळला, नामघोष लांबवण्यासाठी कोणतं कडवं कापलं, ते दाखवा. तशी समीक्षा मी आनंदाने वाचेन आणि पटली तर त्या पोरांनाही वाचायला सांगेन. मात्र त्यासाठी ध्वनिमुद्रण आधी शेवटपर्यंत ऐकावं लागेल.