दुसऱ्या वैमानिकाचें काम

विमानांत दोन वैमानिक कशाला, असें पालींतील मुलें विचारतात. एकानें विमान चालवावें. दुसऱ्यानें बिनतारी संभाषण सांभाळावें, यंत्रें न्याहाळावीं आणि चूक दिसतांच बोलावें, अशी ती वांटणी. ता. १ जानेवारी १९७८ रोजीं रात्रीं दुबईस निघालेलें एअर इंडियाचें ‘सम्राट अशोक’ विमान वांद्र्याजवळ समुद्रांत कोसळलें; २१३ जीव गेले. कप्तानापुढील कलदर्शक यंत्र बिघडलें होतें, बाहेर काळोख होता. त्यावर विसंबूं नका, असें अभियंत्यानें सुचविलें. पण तेव्हां वेळ उरला नव्हता.

वडिलांची चूक वेळींच दाखविणें हा उद्धटपणा नव्हे, असें माझें मत आहे. घरीं व वर्गांत मात्र आपण उलट शिकवितों. फळ्यावरील माझी चूक दाखविणाऱ्या मुलीस मीही प्रथम गप्पच बसविलें होतें.