टीडीएस मीटरला जे दिसत नाही

नशिराबादच्या एखाद्या घरात पाणी शुद्ध करणारे यंत्र विकणारा येतो. खिशातून पेनसारखा मीटर काढून पाण्याच्या पेल्यात बुडवतो. आकडा सहाशे आला तर घरच्यांचे चेहरे उतरतात. शेजारी तोच दोनशे आला तर तिथे सगळे निश्चिंत. फसगत दोघांचीही होते. हा टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते, यावरून विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज सांगतो. त्यात कॅल्शियम किती आणि शिसे किती, हे त्याला कळत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या लिटरभर पाण्यात शिसे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. त्याच्या दसपट शिसे पाण्यात असले, तरी या मीटरचा आकडा जागचा हलणार नाही.

नशिराबादमध्ये हा प्रश्न विचारायला कारण आहे. जळगाव-भुसावळ महामार्ग गावाला लागून जातो, गावात सिमेंटचा कारखाना आहे, पलीकडे दीपनगरच्या वीज केंद्रात कोळशाची राख निघते आणि शिवारात केळी-कपाशीला भरपूर खत पडते. एवढ्यावरून इथले पाणी वाईट आहे असे मुळीच ठरत नाही. पण ते चांगले आहे, असेही मोजल्याशिवाय कुणी छातीठोकपणे सांगू नये.

न मोजता अंदाज बांधले की काय होते, हे आपल्या शेजारीच दिसले. भुसावळहून नागपूरच्या गाडीत बसले की काही स्थानकांवर शेगाव येते. डिसेंबर २०२४ अखेर या तालुक्यातील गावांमध्ये लोकांचे केस अचानक गळू लागले. हात फिरवला की पुंजका हाती यायचा आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचे. आधी शाम्पूवर संशय गेला, मग बुरशीवर. पाणी तपासले तर नायट्रेट आणि क्षार जास्त निघाले, म्हणून बोट पाण्याकडे वळले. सुमारे अठरा गावांतील पावणेतीनशे लोक बाधित झाले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथकही येऊन गेले.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी वेगळी वाट धरली. विंचूदंशावरील उपचारासाठी जगभर ओळखले जाणारे हे डॉक्टर गावांत गेले. त्यांनी रुग्णांचे रक्त, लघवी, केस आणि घरातला रेशनचा गहूही तपासायला पाठवला. रुग्णांच्या शरीरात सेलेनियम कित्येक पटींनी वाढलेले आणि जस्त कमी झालेले आढळले. गव्हात किलोमागे सुमारे १४ मिलिग्रॅम सेलेनियम होते. स्थानिक गव्हाच्या तुलनेत ते सहाशे पट असल्याचे त्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितले. पंजाबच्या काही पट्ट्यांत जमिनीतच सेलेनियम जास्त असते, हे कृषिशास्त्राला जुनेच माहीत आहे. डॉ. बावस्कर यांच्या निष्कर्षावर वाद घालता येईल. पण वाद घालायला आकडा लागतो, आणि तो मिळेपर्यंत गावकऱ्यांच्या वाट्याला केवळ अफवा आल्या. लग्ने ठरवणाऱ्या घरांनी त्याची किंमत मोजली.

असे आकडे देणारे यंत्र म्हणजे प्लाझ्मा यंत्र. चुलीत मिठाचा खडा पडला की ज्योत पिवळी होते; दिवाळीच्या हिरव्या झाडात बेरियम असते. तापले की प्रत्येक मूलद्रव्य आपली खूण देते. प्रयोगशाळेत चुलीच्या जागी आर्गॉन वायूचा प्लाझ्मा असतो. तांब्याच्या वेटोळ्यातून उच्च वारंवारतेची वीज सोडून हा वायू सहा ते दहा हजार अंशांपर्यंत, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही जास्त तापवतात. नमुन्याचा बारीक फवारा त्यात शिरला की रेणू मोडून सुटे अणू उरतात. त्यांचा प्रकाश मोजायची पद्धत १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये ग्रीनफिल्ड आणि अमेरिकेत फॅसेल यांनी उभी केली. १९८० मध्ये प्लाझ्माला वस्तुमानमापक जोडला गेला आणि अणू वजनानुसार वेगळे करून मोजता येऊ लागले. दहा हजार लिटरच्या टँकरात साखरेचे मोजके दाणे, म्हणजे दहा मिलिग्रॅम पदार्थ टाकला, तर ते प्रमाण अब्जात एक भाग होते. आजची यंत्रे त्याच्याही खूप खाली मोजतात.

मात्र इतके तीक्ष्ण यंत्रही फसू शकते. आर्सेनिकच्या अणूचे वजन ७५. आर्गॉनचे ४० आणि क्लोरिनचे ३५. दोघे चिकटले की बेरीज तीच. म्हणजे पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातले क्लोराइडने भरलेले पाणी यंत्रात घातले, तर नसलेले आर्सेनिक दिसू शकते. सेलेनियमचे सर्वाधिक आढळणारे रूप ८० वजनाचे. आर्गॉनची जोडीही ८०चीच. गेल्या दोन-अडीच दशकांतली खरी प्रगती इथे आहे. वाटेत हेलियम भरलेली एक कोठडी ठेवतात. जत्रेच्या गर्दीत अंगाने मोठा माणूस जास्त धक्के खातो, तसे हे जोडअणू धडकून धडकून दमतात आणि दारातच अडतात. खरा आर्सेनिकचा अणू पुढे निघून जातो. आर्गॉनची जोडी मोडायला हायड्रोजन कामी येतो. २०१२ पासून तर दोन चाळण्या लावलेली यंत्रे बाजारात आहेत. दुसरी सुधारणा खर्चाची. प्लाझ्मा यंत्र मिनिटाला पंधरा-वीस लिटर आर्गॉन पिते. एक सिलिंडर एका कामाच्या दिवसात संपतो. हवेतून काढलेल्या नायट्रोजनवर सूक्ष्मलहरींनी प्लाझ्मा पेटवणारी यंत्रे २०११ पासून मिळू लागली. त्यांची नजर वस्तुमानमापकाइतकी तीक्ष्ण नाही, पण माती, खत, धान्य यांच्या पहिल्या चाळणीला ती पुरते.

मग अडते कुठे? यंत्राच्या आधी, बाटलीपाशी. शिसे मोजायचे पाणी धुळकट झाकणाच्या बाटलीत भरले, तर आपण झाकण मोजतो. बाटली आम्लाने धुतलेली प्लास्टिकची हवी. पाणी भरल्यावर त्यात शुद्ध नायट्रिक आम्लाचे थेंब हवेत, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटून बसतात. आणि सोबत कोरी, म्हणजे शुद्ध पाण्याची बाटलीही तोच प्रवास करून यायला हवी. ही शिस्त नसेल तर कोटीच्या घरातले यंत्रही चुकीचा आकडा मोठ्या अचूकतेने देईल.

जल जीवन मोहिमेत गावोगावच्या महिलांना पाणी तपासणीचे संच दिले गेले, ते चांगलेच झाले. पण त्यांत आम्लता, कठीणपणा, क्लोरिन, नायट्रेट, फ्लोराइड कळते. शिसे, कॅडमियम, सेलेनियम सहसा नाही. त्याच महिलांना योग्य बाटली आणि अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण द्या. प्रत्येक तालुक्यात यंत्र नको. जळगाव आणि धुळे मिळून एक चांगले प्लाझ्मा यंत्र आणि ते चालवणारे कायम नोकरीतले रसायनशास्त्रज्ञ पुरतील. विद्यापीठ, भूजल सर्वेक्षण, आरोग्य आणि कृषी या सर्वांचे नमुने त्याच दारी जावेत. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पिण्याच्या प्रत्येक स्रोताचे पाणी. आणि रेशनच्या धान्याच्या प्रत्येक नव्या खेपेचा मूठभर नमुना. शेगावने शिकवलेला धडा हाच की पाण्याइतकेच दाण्याकडेही पाहावे लागते.

शेवटची अट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड. आलेला आकडा फाइलीत न ठेवता पंधरा दिवसांत पालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावा, शेजारी मानकाचा आकडा लिहून. तो चांगला असेल तर नशिराबादकर समाधानाने पाणी पितील. वाईट असेल तर दुसरी विहीर शोधायला त्यांना वेळ मिळेल. केस गळायला लागल्यावर नमुना पाठवणे, ही तपासणी नव्हे, पंचनामा आहे.