घरचें व्यवहारज्ञान : मोटारींतील मूषक

संस्कृतांत उंदरास मूषक व आखु अशीं दोन नांवें आहेत. पहिल्याचा अर्थ चोरणारा, दुसऱ्याचा खणणारा. आजच्या गृहस्थास मात्र त्याचा तिसराच उद्योग अधिक जाचतो, तो मोटारीच्या तारा कुरतडण्याचा. महाड-पोलादपूर भागांत ही तक्रार वरचेवर कानीं येते.

कारण उंदराच्या देहरचनेंतच आहे. त्याचे पुढचे दांत जन्मभर वाढत असतात; ते झिजविण्यासाठीं त्यास कांहींतरी कुरतडावेंच लागतें. शिवाय नुकतीच फिरून आलेली मोटार आंतून उबदार, अंधारी व निवांत असते. मुलगा मुंबई-पुण्यास नोकरीस, मोटार पडवीलगत पंधरा-पंधरा दिवस उभी आणि शेजारीं पेंढा व सरपण, अशी आपल्याकडील पुष्कळ घरांची स्थिति आहे. पावसाळ्यांत सावित्री-गांधारीच्या कांठचीं बिळें पाण्यानें भरलीं, कीं उंदीर उंच व कोरडी जागा शोधतात. भात कापून झालें, कीं शेतांतले घराकडे वळतात.

हा केवळ खर्चाचा प्रश्न नव्हे. मध्यरात्रीं घरांतील वृद्धास पोलादपुराहून महाडास दवाखान्यांत न्यावयाचें आणि मोटार सुरूच होऊं नये. आंबेनळी घाटांत वळणावरच दिवे मालवावे. किंवा कुरतडलेल्या नळींतून इंधन गळून पेट घ्यावा, हे प्रसंग असंभाव्य नाहींत.

उपाय साधे, परंतु नित्य करण्याचे आहेत. पेंढा, सरपण, धान्य व गुरांची पेंड मोटारीपासून दूर हलवावी. मोटार आठवड्यांतून दोन-तीनदां फिरवावी. छपराखालीं असल्यास रात्रीं बॉनेट उघडें ठेवावें, म्हणजे अंधारी ऊब उरत नाहीं. लहान घरउंदीर सुमारें ६ मिलिमीटरांच्या फटींतूनहि शिरतो, म्हणून भिंतींतील भोकें सिमेंटानें बुजवावीं व पिंजरा भिंतीलगत लावावा. डांबराच्या गोळ्या वा तंबाखूचीं पानें यांवर विसंबूं नये. वास उडाला, कीं गुण संपला. मिरचींतील तिखट द्रव्य लावलेली, तारांवर गुंडाळण्याची पट्टी होंडा कंपनीनें काढली आहे. ती मिळाल्यास कारागिराकडून बसवून घ्यावी.

विषाच्या बाबतींत मात्र फार जपावें. पिवळ्या फॉस्फरसाचें मलम पोटांत गेल्यास यकृत निकामी होतें व त्यावर खात्रीचा उतारा नाहीं. ज्या घरांत रांगतीं मुलें आहेत, तेथें तें आणूंच नये.

बॉनेटखालीं घरटें सांपडल्यास उघड्या हातानें काढूं नये. उंदराच्या मूत्रांतून लेप्टोस्पायरोसिस हा रोग जखमेवाटे अंगांत शिरतो. जुलै २०२१ च्या महापुराचा चिखल उपसलेल्या महाडकरांनीं तर हें विशेष ध्यानांत ठेवावें. हातमोजे घालून, घरटें जंतुनाशकानें भिजवून मग उचलावें. पुढें ताप आल्यास वैद्यांस ही गोष्ट आवर्जून सांगावी.

शेवटीं एक सूचना. एकत्र कुटुंबांत मोटार सर्वांची असते, म्हणून तिची पाहणी कोणाचीच नसते. दर रविवारीं बॉनेट उघडून लेंड्या, पेंढ्याच्या काड्या व कुरतडलेलें आवरण पाहण्याचें काम घरांतील एका जाणत्या मुलाकडे नांवानिशीं सोंपवावें. पांच मिनिटांचें हें काम नेमानें झालें, तर अडीअडचणीच्या रात्रीं घरच्या मोटारीचा भरंवसा धरतां येईल.