भिंग आणि वाळलेलें गवत

माघ सरत आला कीं शहापूर-मुरबाडकडचें रान पिवळें पडूं लागतें. साग पानें टाकतो, माळावरचें गवत हात लावतांच मोडतें, आणि नेमक्या याच दिवसांत घरांतील मुलांच्या खिशांत भिंग येतें. यांत नवल नाहीं. ढगाळ दिवशीं भिंगाला कोण विचारतो? आजोबांचें वाचावयाचें भिंग जागेवर सांपडत नाहीं, पंचांगाच्या पानाला तपकिरी कडांचें भोंक पडलेलें दिसतें, आणि मग घरांत एकच प्रश्न उठतो : हें भिंग काढून घ्यावें कीं नाहीं?

माझें उत्तर 'काढून घेऊं नये' असें आहे. पण तें जरा विस्तारानें सांगणें भाग आहे.

प्रथम हा नाद किती जुना आहे तें पाहावें. यास्काचार्यांनीं निरुक्ताच्या सातव्या अध्यायांत वैश्वानर अग्नीची चर्चा करितांना सूर्यापासून अग्नि कसा उत्पन्न होतो तें सांगितलें आहे. कांशाचें पात्र किंवा मणि स्वच्छ पुसून सूर्यासमोर धरावा, आणि वाळलेलें शेण त्याला न लागेल अशा अंतरावर असावें, म्हणजे तें पेट घेतें. यांतील 'न लागेल असें' ही अट मला फार महत्त्वाची वाटते. मणि शेणाला टेकला तर अग्नि मण्यांतून आला असें कोणी म्हणेल. टेकला नाहीं, तर तो सूर्याकडूनच आला हें कबूल करावें लागतें. ज्याला प्रयोग करून पाहण्याची दृष्टि आहे त्यालाच ही खबरदारी सुचते. अंगणांत उकिडवें बसून भिंग वर-खालीं करणारा आपला नातू नकळत त्याच वाटेनें चाललेला असतो.

त्या चिमुकल्या ठिपक्यांत इतकी उष्णता कोठून येते, हें मुलाला हिशेबानें दाखवितां येतें. भिंग पांच सेंटिमीटर रुंद आणि त्याचें नाभ्यंतर पंधरा सेंटिमीटर असेल, तर कागदावर उमटणारें सूर्याचें बिंब दीड मिलिमीटरहूनही थोडें लहान असतें. सगळ्या भिंगावर पडलेलें ऊन तेवढ्याशा जागेंत कोंबलें जातें. म्हणजे कांचेंतील घट सोडून दिली तर प्रखरता सुमारें बाराशेंपट झाली. शिवाय वर्तमानपत्राचा कोरा भाग जेथें नुसता तापतो तेथें काळें अक्षर आधीं धुरूं लागतें. हा शोध प्रत्येक मुलगा स्वतःच लावतो, आणि काळा रंग उष्णता अधिक शोषितो हा धडा त्याला पुन्हा घोकावा लागत नाहीं.

याच खेळानें मोठीं कामें केलीं आहेत. इंग्लंडांत जोसेफ प्रीस्टले यानें १ ऑगस्ट १७७४ रोजीं बारा इंच व्यासाच्या भिंगानें पाऱ्याची तांबडी भस्म तापविली, आणि तींतून निघालेल्या वायूंत मेणबत्ती विलक्षण तेजानें जळूं लागली. तोच आपला प्राणवायु. आमच्या हवामानखात्याच्या वेधशाळांतून अनेक वर्षें एक कांचेचा गोळा उन्हांत ठेवीत असत. सूर्य सरके तसतशी त्याखालच्या पुठ्ठ्यावर जळकी रेघ उमटे, व तीवरून दिवसांत किती वेळ ऊन पडलें तें मोजीत. मुलांनीं पुठ्ठ्यावर काढलेली रेघ आणि ही रेघ यांत मला तरी जातीचा फरक दिसत नाहीं.

आतां दुसरी बाजू. मुरबाड तालुक्यांतील एका खेड्याच्या शाळेंत मी शिक्षक असतांना फाल्गुनांत सहावीच्या तिघां मुलांनीं शाळेंतील भिंग बाहेर नेलें. सागाचें पान पेटलें, बोटांना चटका बसला, पान हातांतून सुटलें, आणि वाऱ्यानें तें नेलें. शेजारच्या शेतकऱ्याची गवताची गंज अर्ध्या तासांत राख झाली. गंज म्हणजे दोन बैलांचें आणि एका गाईचें आषाढापर्यंतचें पोट. मुलांच्या वडिलांनीं वर्गणी करून पेंढा भरून दिला; शाळेंतील भिंगें कुलपांत गेलीं, व सर्वांनीं सुटकेचा निःश्वास टाकला. पंधरा दिवसांच्या आंत त्याच मुलांनीं गेलेल्या विजेच्या दिव्यांत पाणी भरून नवें भिंग तयार केलें! कुलपाचा उपयोग तो एवढाच.

त्या शेतकऱ्याचे शब्द मात्र माझ्या लक्षांत राहिले आहेत. तो म्हणाला, "गुरुजी, इस्तू पेटवला त्याचा राग नाय, पन वारा कोन बगनार?" तिघेही मुलगे नोकरदारांच्या घरचे होते, शेतकऱ्याचा त्यांत एकही नव्हता, आणि हा केवळ योगायोग असेल असें मला वाटत नाहीं. या भागांत भाताच्या रोपांसाठीं राब भाजतात. शेण, टहाळ, गवत, पालापाचोळा यांचे थर वाफ्यावर पसरून वर माती टाकतात व तें जाळतात. तणाचें बीं मरतें, माती भुसभुशीत होते, राख खत होते. हें जाळणें वाऱ्याच्या अंगानें नव्हे, तर वाऱ्याच्या उलट करितात, म्हणजे आग धिमेपणानें सरकते. हातांत हिरवी फांदी घेऊन बापाशेजारीं उभा राहिलेला कुणब्याचा किंवा ठाकराचा मुलगा दहाव्या वर्षीं अग्नीची चाल ओळखतो. (याच टहाळाच्या निर्बंधांवरून एके काळीं ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत एवढा असंतोष माजला कीं १८८५ मध्यें सरकारला चौकशीसाठीं जंगल कमिशन नेमावें लागलें.)

आमच्या घरांतील मुलाला ही संधि कोठें आहे? ब्रह्मचाऱ्यानें सायंप्रातः अग्नींत समिधा द्याव्या हें मुंजीपुरतें उरलें. चूल गेली, बंब गेला. कळ फिरविली कीं निळी ज्योत उठते. देवघरांतील निरांजन सोडलें तर अग्नि म्हणून त्याच्या वांट्याला कांहींच येत नाहीं. तेव्हां त्याच्या हातचें भिंग ही त्याची पहिली चूल समजावी, आणि चुलीपाशीं जसें कोणी मोठें माणूस असे, तसें तेथें बसावें.

बसणाऱ्यानें काय करावें? फरशीवर जागा द्यावी, पाण्याची बादली भरून ठेवावी, पेटविण्यापूर्वीं धूळ उडवून वारा कोणीकडचा तें त्यालाच सांगावयास लावावें. भिंगांतून सूर्याकडे पाहूं देऊं नये. डोळ्याच्या आंतील पडदा जळतांना दुखत नाहीं, त्यामुळें इजा झाल्याचें कळतच नाहीं. मुंग्या जाळण्याची खोड दिसली तर तेथें मात्र कान धरावा. काम झाल्यावर भिंग फडक्यांत गुंडाळावें, खिडकींत उघडें ठेवूं नये. आणि रानांत तर तें नेऊंच नये. १९२७ च्या वनकायद्यान्वयें राखीव जंगलांत आग लावणें हा गुन्हा आहे, आणि तानसा अभयारण्यांतील जनावरांना तर कोणी मुदतही देत नाहीं.

फाल्गुन-चैत्रांत हें सर्व कटकटीचें वाटत असेल तर श्रावणापर्यंत थांबावें. दोन सरींच्या मध्यें स्वच्छ ऊन पडतें, गवत हिरवें व ओलें असतें, आणि पडलेली ठिणगी जागच्या जागीं विझते. फक्त जाळावयाचा कागद आधींपासून डब्यांत कोरडा ठेवावा.